बाबांचा डबा आणि आईची चिंच

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीनंतर निघताना बाबांनी नाण्यांचा पत्र्याचा डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि "पुण्यात जाणकार पुष्कळ आहेत, एकदा कोणाला तरी दाखव" असे बजावले, त्याला आता दोन महिने होत आले. फोनवर तुम्ही दोनदा विचारलेत आणि दोन्ही वेळा मी विषय टाळला, कारण बाबांना नीट ऐकू येत नाही, मध्येच आई फोन घेते आणि निम्मी हकिकत तशीच राहते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. डबा सुखरूप आहे, हे आधी सांगते.

सुरुवातीची चूक माझीच झाली. मी तो लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीवर घेऊन गेले. तिथल्या माणसाने व्हिक्टोरिया राणीचे आणि जॉर्ज राजांचे रुपये एकत्रच तराजूत ओतले, एकाचेही साल वाचले नाही, आणि घट धरून मोडीचा भाव सांगितला. मी डबा मिटला आणि घरी आले. त्यानंतर ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची ओळख झाली. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सदाशिव पेठेत राहतात, आणि रविवारी सकाळी त्यांच्याकडे चार-पाच नाणेसंग्राहक जमतात. मी सलग तीन रविवार तिथे गेले. मला त्यांच्याकडून तुमच्या डब्याची किंमत हवी होती, पण नकळत मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागले : तुमच्या संग्रहातले सर्वांत मौल्यवान नाणे कोणते आणि सर्वांत आवडते कोणते? एकानेही दोन्ही प्रश्नांना एकच नाणे दाखवले नाही.

ज्यांच्या घरी सगळे जमतात त्या काकांचे, म्हणजे मैत्रिणीच्या सासऱ्यांचे, आवडते नाणे नखाएवढे, चांदीचे आणि मुद्दाम बिघडवलेले आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला होता आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. शत्रूची नाणी वितळवण्याऐवजी त्यांच्यावरच आपली खूण उमटवायची, म्हणजे बाजारात नाणेही चालते आणि कोण जिंकले हेही प्रत्येक हाताला कळते. काकांकडचे नाणे त्याच प्रकारचे आहे. त्यांनी ते दिव्याखाली तिरके धरले तेव्हा सातकर्णीच्या छापातल्या तीन कमानींच्या डोंगराच्या खालून नहपानाचे नाक आणि ओठ डोकावताना मला स्वच्छ दिसले. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाचा डोंगर! मी ते नाणे बराच वेळ हातातून सोडले नाही, तेव्हा काकांनी हळूच तळहात पुढे केला.

दुसऱ्या एका गृहस्थांचा जीव पुण्याच्या अंकुशी रुपयावर आहे. त्यावर अंकुशाची खूण आहे, आणि राज्य पेशव्यांचे असले तरी मजकूर फारसीत, तोही दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा. शनिवारवाड्यातून अटकेपर्यंत हुकूम सुटत होते, पण रुपयावर नाव दिल्लीचेच लागत होते, याची त्यांना अजून गंमत वाटते. तिसऱ्या एक बाई, त्या शिक्षिका होत्या. त्यांना १९४३ चा भोकाचा पैसा प्रिय आहे. युद्धात तांबे वाचवण्यासाठी सरकारने पैशालाच भोक पाडले आणि त्यांच्या आजीने असे पैसे करगोट्याच्या दोऱ्यात ओवून ठेवले होते. मोलाने तो पैसा अगदीच किरकोळ आहे.

आता बाबांच्या डब्याकडे येते. बाबा, तुमच्या पंचम जॉर्जच्या रुपयांत 'डुकरी रुपया' आहे असे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आला आहात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीतला हत्ती इतका ओबडधोबड उतरला होता की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली, सरकारने ती नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून सोंड ठळक केली, ही तुमची गोष्ट शब्दशः खरी आहे. परंतु तुमच्या रुपयावरचे साल १९११ नसून १९१७ आहे. शेवटचा आकडा झिजला आहे, पण भिंगाखाली सात स्पष्ट वाचता येतो आणि हत्तीची सोंडही व्यवस्थित आहे. सहाव्या जॉर्जच्या रुपयांतही १९३९ चा एकही नाही. त्या सालचा रुपया दुर्मीळ असल्यामुळे त्याच्या नकलाही फार होतात. आपले सगळे १९४० ते १९४५ मधले आहेत, म्हणजे निम्म्याच चांदीचे. त्याआधीच्या रुपयात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी असायची.

आणि शिवराई, आपले ते तांब्याचे नाणे. हे लिहिताना माझा हात जरा अडखळतो. पणजोबांनी ती रायगडच्या पायथ्याच्या माणसाकडून घेतली आणि ती महाराजांच्या वेळची आहे, असे आपल्या घरात तीन पिढ्या सांगितले गेले. काकांनी ती काट्यावर ठेवली, उलटली, आणि 'छत्र' व 'पति' या दोन ओळींच्या मध्ये ज्या दोन आडव्या रेघा आहेत त्यांवर सुईचे टोक ठेवले. अशा नाण्याला दुदांडी शिवराई म्हणतात आणि ती पेशवाईच्या उत्तरार्धातली असते. 'श्री राजा शिव' ही अक्षरे महाराजांच्या राज्याभिषेकानंतर सुरू झाली, पण पुढे दीडशे वर्षे तीच अक्षरे पाडली जात राहिली, कारण लोकांचा विश्वास त्या नावावर होता. महाराजांचा सोन्याचा होन मात्र इतका दुर्मीळ आहे की तो आपल्या हातात यावा, अशी इच्छासुद्धा या मंडळींपैकी कोणी धरत नाही. दुदांडी काही शे रुपयांत मिळते, हे मी तुमच्यापासून लपवून ठेवू शकले असते. परंतु तुम्ही मला खरे विचारून ये म्हणून पाठवले होते.

आई, तुझ्यासाठीही एक निरोप आहे आणि तू रागावू नकोस. काकांनी शिवराई हातात घेताच पहिला प्रश्न केला, "ही कोणी घासली?" मी लक्ष्मीपूजनाचे सांगितले : चिंच, मीठ, मग राख, मग फडके. त्यांनी डोळेच मिटून घेतले. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तो तपकिरी-काळा थर मळ नसतो, ती नाण्याची कातडी असते. घासले की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि भिंगाखाली केसासारखे ओरखडे दिसतात, जे पुन्हा कधीही बुजत नाहीत. तेव्हा यापुढे पूजेत नाणी ठेव, हळदकुंकू पानाच्या कडेला वाहा, पण त्यांना स्नान घालू नकोस. मी प्रत्येक नाणे कागदाच्या वेगळ्या पाकिटात घातले आहे. प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या टाकून दिल्या, कारण काही दिवसांनी त्या चिकट होतात आणि नाण्याला हिरवट डाग पडतात.

एवढे सगळे ऐकल्यावर मलाच कोणी विचारले की तुझे आवडते कोणते, तेव्हा मी राणीचा १८६२ चा रुपया दाखवला. साल १८६२ असले तरी तो त्याच वर्षीचा असेल असे नाही, कारण पुढची कितीतरी वर्षे सरकारने तेच साल छापले आणि मुंबईच्या टांकसाळीत खरे वर्ष कळण्यासाठी आकड्याजवळ ठिपके दिले जात. आपल्या रुपयाच्या मागे वरच्या कडेला कडीचे डाग आहेत, म्हणजे तो कोणाच्या तरी गळ्यातल्या हारात होता. मंडळींचे एकमत पडले की या डागामुळे त्याची किंमत निम्म्याहून खाली गेली. मी मान डोलावली आणि तो सर्वांत वरच्या पाकिटात ठेवला.

त्या पाकिटावर लिहायला माझ्याकडे काहीच नाही. काकांच्या प्रत्येक पाकिटावर नाणे कोणाकडून, कुठे आणि कधी आले याची एक ओळ असते. विकायचे झाले तरी ती ओळ असलेल्या नाण्यावर लोक अधिक विश्वास ठेवतात, असे ते म्हणतात. बाबा, तुम्हाला आठवते तेवढे तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. शिवराईच्या पाकिटावर पणजोबांची हकिकतही लिहू आणि शेजारी 'दुदांडी' असेही लिहू. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी डबा घेऊन येते. आई, तो हार आजीचा होता का, आणि असला तर त्यातले बाकीचे रुपये कुठे गेले, हे तेवढे आठवून ठेव.

बाबांनी गुडघ्याला तेल लावणे थांबवू नये. बाकी भेटीअंती.

तुमची,
धाकटी