विजयदुर्गावर जळालेल्या आरमाराबद्दल कोण सांगणार?

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले १२ किल्ले गेले, त्यात विजयदुर्ग आहे म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन मुद्दाम गेलेलो. गाईडने किल्ल्यावर साहेबाचा कट्टा म्हणतात त्या चौथऱ्यावर नेलं आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम इथेच शोधला, हे अर्धा तास रंगवून सांगितलं. हे चूक आहे हो. त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकियरला सूर्याच्या प्रकाशात हेलियमची पिवळी रेषा दिसली ती ऑक्टोबरात, तिकडे इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर तो आला, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

चूक एकवेळ सोडा, पण समोर वाघोटन खाडी दिसत असताना १७५६ बद्दल एक शब्द नाही याचं मला फार वाईट वाटलं. १२ फेब्रुवारीला, किल्ला ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं, इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या जहाजांवरून आलेला गोळा रिस्टोरेशनवर पडला (आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं जहाज), ते पेटलं आणि आग एका गुराबेवरून (लढाऊ जहाजावरून) दुसरीवर जात सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. १७१७ ला इंग्रज आणि १७२४ ला डच जिथून हात हलवत परत गेले तो किल्ला!

आणि जमिनीच्या बाजूने वेढा कोणाचा, तर पेशव्यांचा. तुळाजी नानासाहेबांना जुमानत नव्हता हे मान्य, पण त्याला ताळ्यावर आणायला इंग्रजांना बोलावलं आणि मराठ्यांचंच आरमार जाळून घेतलं, मला तरी ही घोडचूकच वाटते. सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना छदाम नाही, आणि किल्ला सोडला तोही बाणकोट पदरात पाडून घेऊनच. यात क्लाईव्हपण होता, पुढच्याच वर्षी प्लासी जिंकणारा तोच.

माझी विनंती एवढीच की खाडीकडच्या तटावर १७५६ ची हकीकत मराठीत, मोठ्या अक्षरात लावावी, पेशव्यांचं नाव न गाळता. साहेबाच्या कट्ट्यावरही १८९८ हेच साल लिहावं.

आपला,
एक वाचक, देवगड तालुका