रस्त्यावरून वाड्याचा फोटो काढणं गुन्हा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औसा-निलंगा भागातली माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) घरं, गढ्या, वेशी यांचे फोटो मी निवृत्तीपासून काढतो आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर पट्ट्यातली गावंच्या गावं मातीला मिळाली. आपलं घर कसं होतं हे नातवंडांना दाखवायला कित्येक कुटुंबांकडे एक फोटोसुद्धा नाही. उरलेली माळवदंही आता स्लॅबसाठी पाडली जात आहेत.

मागच्या महिन्यात एका गावात सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून मी वाड्याच्या दरवाज्याचा फोटो काढला. मालकाच्या माणसांनी मोबाइल हिसकावला, फोटो पुसायला लावला आणि 'पेपरात छापलं तर केस करू' असा दम भरला. ठाण्यात गेलो तर 'मिटवून घ्या, गुरुजी' एवढंच उत्तर मिळालं.

केस कशाची करणार? कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ५२ सांगतं की वास्तूचं चित्र किंवा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. त्या तरतुदीत 'विकायचा नाही' अशी अटही नाही. फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, घरमालकाचा नव्हे. चौकातल्या पुतळ्यालाही अशीच सवलत आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ती नाही, आणि सुशोभीकरणात रंगलेल्या भिंतींचे फोटो छापणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. तिथे हक्कदाराची परवानगी घ्यायला हवी.

उंबरठ्याच्या आत मालकाचा शब्द चालतो, हे मला मान्य आहे. अंगणात बायामाणसं असतील तर विचारल्याशिवाय मी कॅमेरा काढत नाही. संरक्षित स्मारकांत पुरातत्त्व खात्याचे नियम पाळावेत, लष्करी ठिकाणी कॅमेरा नेऊच नये. पण रस्त्यावरच्या माणसाच्या हातातला मोबाइल ओढायचा अधिकार मालकाला नाही आणि त्याच्या वॉचमनलाही नाही. जिल्हा पोलिसांनी ठाण्यांना तसं लेखी कळवावं, ही माझी मागणी आहे.

वाडा पाडायला काढणाऱ्यांना विनंती, की आधी मला निरोप द्या. स्वखर्चाने येईन, दरवाजा, तुळया, कोनाडे, बळद (धान्य साठवायची जागा) सगळं टिपेन आणि फोटोंचा एक संच घरच्यांना देईन.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, औसा (जि. लातूर)