कलम ३ आणि क्युबेक

पुणे

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

आपली राज्यघटना शंभराहून अधिक वेळा बदलूनही देश अभंग राहिला, आणि कॅनडात मात्र एका दुरुस्तीपायी फुटण्याची वेळ आली, तेव्हा आपली लवचीक पद्धतच बरी, असे तू मॉन्ट्रियलहून लिहिले आहेस. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

१९८२ मध्ये कॅनडाने राज्यघटना बदलण्याचा अधिकार ब्रिटिश संसदेकडून स्वतःकडे घेतला, तेव्हा दहापैकी नऊ प्रांत राजी होते, फ्रेंचभाषक क्युबेक नव्हता. कायद्याने काहीच अडले नाही, पण ते शल्य राहिले. ते काढण्यासाठी १९८७ मध्ये मीच लेक करार झाला आणि क्युबेकचे वेगळेपण घटनेत नोंदवण्याचे ठरले. सर्व प्रांतांची मंजुरी तीन वर्षांत मिळायची होती. मुदत संपत आली असता मॅनिटोबाच्या विधिमंडळात एलायजा हार्पर या आदिवासी सदस्याने आवश्यक असलेले एकमत होऊ दिले नाही, कारण कराराच्या वाटाघाटीत आदिवासींना कोणी विचारलेच नव्हते. न्यूफाउंडलंडनेही मग मतदान घेतले नाही. एकाला न विचारल्याची भरपाई करायला निघालेली मंडळी दुसऱ्याला विचारायला विसरली! पुढे १९९५ च्या सार्वमतात क्युबेक देशात राहिला तो सुमारे ५४ हजार मतांच्या फरकाने.

आता आपल्याकडे पाहा. कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते, राज्य विभागूही शकते. विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले आणि जूनमध्ये तेलंगण अस्तित्वात आले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचे विभाजन झाले तेव्हा तर तिथली विधानसभा विसर्जित होती, म्हणून तिचे मतही संसदेनेच दिले.

तरी विधिमंडळाची संमती सक्तीची करावी, असे मी म्हणणार नाही. तशी अट असती तर त्या विधानसभेत अल्पसंख्य असलेल्या तेलंगणवासीयांना आपले राज्य कधीच मिळाले नसते. संमती हवी ती ज्या प्रदेशाचे भवितव्य ठरते आहे, तिथल्या लोकांची. आपलेच उदाहरण घे. मुंबई केंद्रशासित करण्याचे १९५६ च्या जानेवारीत जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात इथे पुण्यात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली आणि चिंतामणराव देशमुखांनी त्याच वर्षी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. दिल्लीने तरी मराठी-गुजराती प्रदेशांचे एकत्र द्वैभाषिक राज्य लादलेच. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीच्या बाजूने जो कौल दिला, त्यानंतर ते टिकणे अवघड झाले. १ मे १९६० चे राज्य संसदेच्या कायद्याने आले हे खरे, पण लोकांनी आधी मतपेटीतून आणि रस्त्यावर आपले म्हणणे मांडले होते, आणि त्यासाठी माणसे मेली होती. लवचीकपणाचे श्रेय मोजताना ही किंमत तू धरलेली नाहीस.

(क्युबेकला वेगळी वागणूक कशाला, असे तुझ्या वर्गातला कोणी भारतीय म्हणालाच, तर त्याला नागालँडसाठी खास तरतुदी करणारे आपल्या घटनेतले कलम ३७१ अ दाखव.)

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की प्रांताला एकतर्फी फुटता येणार नाही, परंतु स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने कौल आला, तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावेच लागेल. फुटण्याचा अधिकार आपल्याकडे नाही आणि नसावा, हे माझे मत कायम आहे. पण वाटाघाटीचे हे बंधन कलम ३ ला जोडता येईल का, यावर तुझ्या निबंधात एक प्रकरण लिही आणि मसुदा मला पाठव.

तुझे,
बाबा