दोन चंद्रांचा हिशेब ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायला तुम्ही ठाम नकार दिलात. "मुद्रितशोधकाचं काम वाचकाला दिसता कामा नये," म्हणालात. मी ते ऐकलं, पण मनाला पटलं नाही. म्हणून हे पत्र नाव न घालता, पण सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमचा विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा संग्रह आज वाचकांच्या हातात आहे. त्यातल्या कथा 9 लेखकांच्या आहेत आणि संपादक म्हणून नाव माझं आहे. पण या 11 कथांमधली 11 जगं स्वतःच्या पायांवर उभी राहिली ती तुमच्यामुळे, आणि हे लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी थकलेली होते. दोन प्रकाशकांनी "कथासंग्रह चालत नाहीत, त्यातून अनेक लेखकांचा तर नाहीच" असं सांगून हस्तलिखित परत केलं होतं. स्वतःच छापायचं ठरलं होतं आणि मला हवं होतं फक्त शुद्धलेखन तपासून. तुम्ही गठ्ठा ठेवून घेतलात आणि आठवड्याने फोन केलात. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल चकार शब्द नाही. पहिलाच प्रश्न होता, "त्या बेटाच्या कथेतले दोन चंद्र किती दिवसांनी पुनवेला येतात?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खरं तर लेखकालाही नव्हतं, त्याने एका ठिकाणी ओझरतं लिहिलं होतं की मोठ्या चंद्राचं चक्र 20 दिवसांचं आणि धाकट्याचं 8 दिवसांचं. तुम्ही तेवढ्यावरून वहीत तक्ता आखला होता. नाव किनारा सोडते त्या रात्री दोन्ही चंद्र पूर्ण. 24 दिवसांनी ती खडकांच्या रांगेपाशी पोचते आणि दोन्ही चंद्रांच्या महाभरतीवर स्वार होऊन पलीकडे जाते. तुमचा तक्ता सांगत होता की 24व्या दिवशी धाकटा चंद्र पूर्ण असेल, पण मोठ्याची पुनव उलटून चार दिवस झालेले असतील. दोघं पुन्हा एकत्र पूर्ण होणार ते 40व्या दिवशी. म्हणजे खडक ओलांडण्याइतकं पाणी चढणारच नाही.

लेखक आधी वैतागला. अद्भुतकथेत कोण एवढं मोजत बसतं, असं त्याचं म्हणणं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नावेतली माणसं मोजत असतील ना? त्यांचा जीव त्यावर आहे." त्यानंतर त्याने प्रवास 40 दिवसांचा केला. त्या वाढीव 16 दिवसांत नावेतलं गोडं पाणी संपत आलं, दोन भावांचं भांडण झालं, आणि म्हातारा नावाडी रात्री एकटाच बसून धाकट्या चंद्राशी बोलू लागला. संग्रहातला सगळ्यांत सुंदर प्रसंग म्हणून वाचक आज ज्याबद्दल लिहितात तो हाच. तो मूळ हस्तलिखितात नव्हता.

मंगळावरच्या कथेचंही तसंच. आई तिकडे, मुलगी पृथ्वीवर, आणि दोघींचं बोलणं अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखं चाललेलं. तुम्ही समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंत: "उत्तर इतक्या लवकर?" पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर साधारण साडेपाच कोटी किलोमीटरपासून 40 कोटी किलोमीटरपर्यंत बदलत राहतं, त्यामुळे संदेश एका बाजूने जायलाच 3 ते 22 मिनिटं लागतात, हे लेखिकेला ठाऊक होतं. तिने सोयीसाठी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. तुमच्या त्या दोन-तीन शब्दांनंतर तिने संवाद नव्याने लिहिला. आता मुलगी विचारते, "तू रागावलीस का माझ्यावर?" आणि त्याच क्षणी पडद्यावर आई हसून म्हणते, "हो गं, खूप." ते उत्तर असतं 24 मिनिटांपूर्वी विचारलेल्या "माझी आठवण येते का?" या प्रश्नाचं. खऱ्या उत्तरासाठी मुलीला आणखी 24 मिनिटं खुर्चीत बसून राहायचं आहे. प्रूफ वाचताना मी त्या ओळीवर थांबले, ताई, आणि बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही.

विज्ञानकथेतलं विज्ञान म्हणजे कथेच्या गळ्यातला दागिना, हवा तर घालावा, नको तर काढून ठेवावा, असं मला इतकी वर्षं वाटायचं. अंतर हेच त्या मायलेकींचं दुःख आहे, हे तुम्ही दाखवून दिलंत. विस्मरणाच्या मंत्राची कथाही मग मी त्याच नजरेने वाचली. प्रत्येक मंत्रामागे एक आठवण खर्च होते असा त्या जगाचा नियम. नायिका भावाचं नाव गमावते आणि पुढे 9 पानांनी त्याला नावाने हाक मारते! आम्ही तिघांनी ती कथा वाचली होती. तिघांच्याही नजरेतून ती हाक सुटली होती.

आता थोडं अक्षरांबद्दल, कारण तो भाग आठवला की अजून पोटात गोळा येतो. काही लेखकांनी कथा जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, वरवर पाहिलं तर सगळं ठीक दिसलं. पण रूपांतरात 'ऱ्य' होता तिथे 'र्य' झाला होता. आणि आमचं पुस्तक कशाचं, तर ताऱ्यांचं! पानोपानी 'तार्यांचा प्रकाश', 'तार्यांच्या पलीकडे'. मंगळावरच्या 'दऱ्या' तर 'दर्या' होऊन बसल्या होत्या. तुम्ही त्या शब्दाभोवती गोल करून लिहिलंत, "मंगळावर 4,000 किलोमीटर लांब दरी आहे. दर्या नाही."

मी उत्साहाने म्हटलं, संगणकाला सांगून सगळे 'र्य' एका फटक्यात बदलून टाकते. तुम्ही जवळजवळ ओरडलातच. तसं केलं असतं तर प्रत्येक सूर्याचा 'सूऱ्य' झाला असता, आश्चर्याचं 'आश्चऱ्य' आणि धैर्याचं 'धैऱ्य'. मग तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि आपण एकेक जागा पाहिली. तुमच्या हातात पट्टी होती, ओळीखाली धरलेली. प्रत्येक 'र्य'पाशी पट्टी थांबायची, तुम्ही शब्द मोठ्याने उच्चारायचात, मी पडद्यावर दुरुस्त करायचे किंवा सोडून द्यायचे. ते दोन दिवस मी मराठी जितकी लक्ष देऊन ऐकली तितकी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. दऱ्या म्हणताना जीभ हलकेच सरकते आणि दर्या म्हणताना 'र' मागच्या अक्षरावर जोर देऊन उभा राहतो, हे तुम्ही मला कानांनी शिकवलंत.

कराराचं श्रेयही तुमचंच आहे. सगळे ओळखीचे लेखक, तोंडी बोलणं पुरेसं आहे असं मी धरून चालले होते. "ओळखीच्यांशी आधी लिहून घ्यावं, म्हणजे ओळख टिकते," असं सांगून तुम्ही मला पानभर मसुदा करायला लावलात: कथेचा कॉपीराइट लेखकाचाच, आम्हाला हक्क फक्त या संग्रहापुरता, छापील आणि ई-पुस्तक दोन्ही स्पष्ट लिहिलेले, एक वर्षानंतर लेखकाला कथा कुठेही देण्याची मोकळीक, आणि मानधन पुस्तक छपाईला जाण्याआधी. तुमचे स्वतःचे पैसे मात्र तुम्ही लेखकांना मिळाल्यावरच घेतलेत. हे मी विसरलेले नाही.

कथांचा क्रम लावायला घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. मी लेखकांच्या आडनावांप्रमाणे यादी करून आणली होती. तुम्ही ती बाजूला ठेवलीत, प्रत्येक कथेचं पहिलं आणि शेवटचं पान छापून घेतलंत आणि जमिनीवर अंथरलंत. एका कथेचं शेवटचं पान, त्याला लागून दुसरीचं पहिलं. आपण दोघी गुडघ्यांवर बसून पानं सरकवत होतो. उद्ध्वस्त शहरांच्या दोन कथा लागोपाठ आल्या की दोन्ही फिक्या पडत होत्या, त्यांच्यामध्ये बोलणाऱ्या पुलाची छोटी कथा ठेवताच दोन्ही उजळल्या. तीन कथांच्या शेवटी कुणी ना कुणी आकाशाकडे पाहत उभं आहे, हे तिथेच, जमिनीवर दिसलं. त्यातल्या दोन लेखकांनी शेवट बदलले. वाचक संग्रह सुरुवातीपासून वाचेलच असं नाही, हे तुम्हीच म्हणालात, "पण जो वाचेल त्याची वाट नीट असावी."

छपाईच्या तांत्रिक गोष्टींत मी अगदीच नवखी होते. मांडणी पूर्ण झाली ती 211 पृष्ठांवर. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पृष्ठांचा गट, 16 पृष्ठांचा; त्यामुळे 13 फर्मे 208 पृष्ठांवर संपत होते आणि उरलेल्या 3 पृष्ठांसाठी चौदावा फर्मा घ्यावा लागणार होता, जवळजवळ सगळा कोरा. पुस्तक 224 पृष्ठांचं होणार असं मी चित्रकाराला कळवूनही टाकलं होतं. तुम्ही मांडणी चाळलीत आणि ज्या कथांच्या शेवटच्या पृष्ठावर दोन-तीनच ओळी लोंबत होत्या अशा तीन कथा शोधून काढल्यात. लेखकांना विचारून प्रत्येकीत एखादं वाक्य आवळलं, एखादा परिच्छेद जोडला, आणि 208 जमलं. लगेच तुमचा पुढचा प्रश्न, "मुखपृष्ठाची स्पाइन कितीची धरली आहे?" स्पाइन म्हणजे पुस्तकाचा कणा, त्याच्या पाठीची जाड कड. 16 पृष्ठं म्हणजे कागदाची 8 पानं कमी झाली, जाडी जेमतेम मिलिमीटरभर घटली, पण तेवढ्याने स्पाइनवरचं नाव पुढच्या बाजूला ओघळलं असतं. चित्रकाराने त्याच रात्री फाइल बदलून दिली. त्याच्या चित्राचे रंगही पडद्यावर पाहून मंजूर करायचे नाहीत, छापील नमुना मागवायचा, हा तुमचाच आग्रह. नमुन्यात रात्रीचा जांभळा अगदी काळपट आला होता. वेळेत कळलं.

शेवटच्या प्रूफावरची तुमची आकडेमोड मी जपून ठेवली आहे. श्रेयपृष्ठावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तुम्ही बोट ठेवून वाचलात, पेन्सिल घेतलीत आणि 13 आकड्यांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केलीत. तिला 10 ने भाग जायला हवा, गेला नाही. पुन्हा केलीत, तरी नाही. मिळालेल्या मूळ क्रमांकाशी ताडून पाहिलं तर शेजारचे दोन आकडे टाइप करताना माझ्याकडून उलटसुलट झाले होते. मागच्या बाजूचा बारकोड बरोबर आणि आतला क्रमांक चुकीचा, असं पुस्तक बाहेर गेलं असतं. ई-पुस्तकाला वेगळा आयएसबीएन लागतो, तो छापील प्रतीचा वापरायचा नाही, हेही तुम्ही त्याच बैठकीत सांगितलंत आणि मी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

मंगळाची कथा लिहिणारी आमची मैत्रीण वयाने सगळ्यांत लहान. तिची ही छापून आलेली पहिलीच कथा. प्रती आल्या त्या दिवशी तिने पुस्तक उघडून आधी तो 24 मिनिटांचा संवाद काढला आणि मला विचारलं, "त्या ताईंना आवडला असेल ना?" मी तिला तुमच्या वहीतलं ते पान दाखवलं, जिथे तिच्या कथेसमोर तुम्ही बाकी काही न लिहिता फक्त "आता ठीक" असं लिहिलं आहे. तिने त्याचा फोटो काढून घेतला.

ताई, पुढच्या संग्रहासाठी कथा यायला लागल्या आहेत. एकीत तीन सूर्य आहेत. लेखकाला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की सावल्या किती पडतात ते विचारलं जाईल, तेव्हा तक्ता करून ठेव. गठ्ठा तुमच्याकडे कधी आणू तेवढं कळवा. आणि पहिली प्रत हातात घेतल्यावर दहाच मिनिटांत तुम्ही दाखवलेला पृष्ठ 143 वरचा, खालून चौथ्या ओळीतला राहून गेलेला 'तार्यांनी' मी दुसऱ्या आवृत्तीसाठी नोंदवून ठेवला आहे.

तुमची कृतज्ञ,
संग्रहाची संपादक