मोती चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तुमचा धंदा पासपोर्ट फोटोंचा आणि लग्नाच्या अल्बमांचा. नाण्यांचा नाद तुम्हाला नाही, शिवराई काय नि ढब्बू पैसा काय, तुम्हाला सगळं तांब्याचंच. तरीही साताऱ्यातल्या आम्हा पाच-सात जणांची नाणं बघायची रीत तुम्ही बदललीत. आभार तोंडी मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. वाचून आणखी कुणाचं अडलेलं नाणं वाचून झालं तर तेही तुमच्याच खाती.

सगळ्यात मोठं ऋण दिव्याच्या दिशेचं. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर कडेबाहेर जातंच. उरलेलं दीड-दोनशे वर्षांच्या हाताळणीत झिजलेलं. आणि प्रकार ठरतो तो ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’ असल्या बारकाव्यांवर. आम्ही भिंगामागून भिंगं घेत होतो. तुम्ही भिंगाला हात लावला नाहीत, दिवा हलवलात.

कारण साधं आहे. उठावाची रेघ दिसते ती तिच्या सावलीमुळे. प्रकाश रेघेच्या लांबीच्या दिशेनेच आला तर सावली पडत नाही आणि रेघ गायब होते. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी समजा; दिवा बाराच्या काट्यावर ठेवला की वेलांटीची उभी दांडी पुसली जाते, मग ‘पति’ आणि ‘पती’वर वाद घालत बसा. दिवा नवाच्या काट्यावर नेला की दांडी उभी राहते, पण आडव्या रेघा जातात. दुदांडी शिवराईच्या ओळींमधल्या दोन आडव्या रेघा अशाच हरवतात आणि नाणं साधं म्हणून नोंदवलं जातं. म्हणून आता प्रत्येक बाजूचे निदान दोन फोटो, एक बाराचा आणि एक नवाचा. नाणं जागचं हलवायचं नाही, म्हणजे दोन्ही फोटो एकावर एक ठेवून बघता येतात. फार झिजलेल्या नाण्याला दिवा टेबलापासून जेमतेम १५ ते २० अंशांवर, टेबल घासून जाईल असा. चांगल्या नाण्याला एवढा खाली दिवा लावू नये, नुसत्या सावल्यांची गर्दी होते.

आणि दिवा सहाच्या काट्यावर कधीच नाही. डोळा प्रकाश वरून येतो असं धरून चालतो, त्यामुळे खालून उजेड दिला की उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. फोटो मोबाइलवर उलटा फिरवून पाठवला तरी हाच घोटाळा होतो.

हीच युक्ती चांदीच्या रुपयाला लागली. व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयावर तेच साल १८७४ पर्यंत चालू राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने प्रत्यक्ष वर्षाची खूण म्हणून सालापाशी ठिपके दिले. म्हणजे सगळा खेळ ठिपके मोजण्याचा, आणि त्यात मळाचा कण किंवा खड्डा ठिपका म्हणून धरला की वर्षच चुकतं. दिवा वर-डावीकडे असेल तर खऱ्या ठिपक्याची वरची-डावी बाजू उजळ आणि खालची-उजवी काळी. खड्ड्याचं बरोबर उलटं. मळाचा कण ओबडधोबड दिसतो आणि बहुतेक वेळा ॲसिटोनमध्ये बुडवल्यावर निघून जातो. (१९११ च्या पंचम जॉर्जच्या ‘डुकराच्या’ रुपयाचे, राजाच्या झग्यावरच्या डुकरासारख्या दिसणाऱ्या हत्तीचे फोटो मात्र कृपा करून कुणी पाठवू नयेत. १९१२ पासून हत्ती सुधारला. साल वाचता आलं की काम झालं.)

दुसरं ऋण बटर पेपरचं, खरं तर तो काढून टाकल्याचं. दिव्यापुढे बटर पेपर लावला की उजेड मऊ होतो, रंग छान येतो, उजवीकडे कंदी पेढ्याच्या बॉक्सचं कोरं झाकण उभं केलं की सावलीतला भागही उघडतो. असा फोटो प्रकार ओळखायला उत्तम. पण नाण्याची प्रत, म्हणजे ते किती चांगल्या स्थितीत आहे हे, ठरवायला तो कामाचा नाही, कारण मऊ उजेडात ओरखडे लपतात. प्रत बघायची तर उघडा, लहान दिवा हवा आणि नाणं हातात कडेने धरून सावकाश कलवायला हवं. खरी चमक चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावरून फिरते. पॉलिश केलेलं नाणं आरशासारखं एकदम लखलखतं, आणि त्यावर एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात. ठसा नीट न उमटल्यामुळे नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल सपाट राहिला असेल तर त्या सपाट जागेवरही चमक असते. झिजून सपाट झाला असेल तर तिथला रंग मंद, वेगळा पडतो. फोटोत हे दाखवायचं तर एकाच नाण्याचे वेगवेगळ्या कलांचे तीन-चार फोटो द्यावेत. विकणारा एकच मऊ फोटो देत असेल तर दुसरा मागून घ्यावा.

रंगाबाबत तुम्ही आम्हाला चांगलंच झापलंत, तेही रास्त होतं. खिडकीचा उजेड आणि टेबलावरचा पिवळा दिवा एकत्र आले की तांब्याची तपकिरी झाक एका बाजूला तांबूस होते, आणि बघणाऱ्याला वाटतं नाणं चिंचेने घासलंय. आता खिडकी बंद, एकाच जातीचे दिवे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे, आणि पहिला फोटो करड्या कार्डाचा. उजेडाचं मोजमापही त्या कार्डावरूनच घ्यायचं, नाहीतर पांढऱ्या कागदावर काळपट शिवराई आणखी काळी येते.

कॅमेरा सरळ आहे की नाही हे बघायची तुमची आरशाची युक्ती तर आम्ही येईल त्याला दाखवतो. नाण्याच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधे दिसलं की स्टँड सरळ. पुढे एफ ८, आयएसओ १०० आणि २ सेकंदांचा टायमर. मोबाइल असेल तर नाण्याला चिकटवू नये, हातभर नाही तरी वीतभर लांब ठेवून दुप्पट झूम करावा.

तुमच्या शेजारच्या सराफांनाही नमस्कार सांगा. आजचा तोळा १० ग्रॅमचा, जुना रुपया जुन्या तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पाण्यातलं वजनही त्यांच्याच काट्यावर झालं: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं, मग दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला न लागता बुडवायचा. रुपयाच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता. आकडा १.१३ च्या आसपास आला तर घनता १०.३, म्हणजे चांदी. १.३ आला तर तांब्या-निकेलची नक्कल समजा. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि अस्सल रुपया खोटा ठरतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडा धरत नाही.

आता एक मागणं. चकचकीत प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारख्या पृष्ठभागाच्या) नाण्यांसाठी तुम्ही फोटोफ्रेमची काच ४५ अंशांत लेन्स आणि नाण्याच्या मधे उभी करून दिलीत, बाजूने दिवा, समोर काळं कापड. उजेड काचेवरून सरळ खाली जातो आणि नाण्याचा आरसा काळा न येता उजळ येतो. फक्त २ मिलिमीटरच्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून उजेड परततो, त्यामुळे अक्षरांच्या कडांना फिकट दुसरी सावली येते. तुमच्या माळ्यावर जुन्या फ्रेमची १ मिलिमीटरची काच असेल तर बाजूला काढून ठेवा. रविवारी दहाला येतो.

आपले,
जिना चढून येणारे नाणेवाले