विषय: प्रपोर्शनल काउंटरची बिघडलेली ट्यूब (पाचवी तक्रार)

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,

आज सकाळी तुमच्या माणसाशी पुन्हा बोलणं झालं, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

उपग्रहावरच्या एक्स-रे काउंटरचं कॅलिब्रेशन एमएस्सीच्या मुलांना हाताने करून बघता यावं म्हणून तुमचा आर्गॉन-मिथेन गॅस भरलेला, एक्स-रेची ऊर्जा मोजणारा सीलबंद प्रपोर्शनल काउंटर घेतला. जुलैमध्ये लोह-55 या किरणोत्सारी सोर्सचं 5.9 केईव्ही ऊर्जेचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, 412 व्या चॅनेलला (ऊर्जेच्या कप्प्याला) होतं. आज 331 ला आहे. एस्केप पीक, म्हणजे आर्गॉनचा एक्स-रे निसटून गेल्यावर खाली दिसणारं छोटं पीक, 203 वरून 163 ला. दोन्ही एकाच प्रमाणात घसरली, म्हणजे शून्य हललेलं नाही, गेन (ट्यूब सिग्नल किती पट वाढवते ते) पडलाय. रुंदी 17 टक्क्यांची 28 झाली. व्होल्टेज वाढवलं की पीक जागेवर येतं, रुंदी तशीच राहते. आत हवा शिरली आहे आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळतोय. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधीच्या फोनवर नागपूरच्या उन्हाचं कारण ऐकलं. गेन ठरतो गॅसच्या घनतेवर. ट्यूब सीलबंद, आकारमान तेच, मग घनता कशी बदलेल? शिवाय तेव्हा डिसेंबर होता.

आज म्हणाले, "सर, सोर्स जुना झाला असेल." म्हटलं, मग काउंट कमी होतील, पीक कसं सरकेल? "ताकद कमी झाली ना सर त्याची." अहो, अर्धायुष्य 2.7 वर्षं असलं तरी शेवटचा अणूसुद्धा 5.9 चाच फोटॉन देणार! ठेल्यावरची संत्री संपत आली म्हणून उरलेलं संत्रं लिंबाएवढं होतं का? नागपुरात तरी होत नाही. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणे, "सर, तिथे फिजिक्सवाल्या कोणाला फोन देता का?"

मी 22 वर्षं फिजिक्सच शिकवतोय.

2015 साली सोडलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या तीन झेनॉन काउंटरांपैकी एकातून गॅस गळू लागला, तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी साडेसहाशे किलोमीटर खालून गेन मोजून ते जगाला सांगितलं. तिथे माणूस पाठवता येत नव्हता. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. त्यांनी गॅस शुद्ध करायची सोयही सोबत पाठवली होती. तुम्ही वॉरंटी कार्ड पाठवलं.

खरेदी समितीत तुमच्या नावाचा आग्रह मीच धरला होता. आता विभागप्रमुख दर सोमवारी विचारतात, "काय सर, आलं का पीक?" विदर्भात हा प्रश्न कापसाबद्दल विचारतात.

मार्चमध्ये प्रॅक्टिकल आहेत. 15 दिवसांत ट्यूब बदलून मिळाली नाही, तर बिलातली राखून ठेवलेली 10 टक्के रक्कम विसरा, आणि पुढचं पत्र वकिलाचं असेल.

ट्यूब खोक्यात भरून ठेवली आहे, सोबत जुलैपासूनची नोंदवही. माणूस पाठवा. सोर्स मात्र मिळणार नाही, तो ठणठणीत आहे.

प्रयोगशाळा प्रभारी,
भौतिकशास्त्र विभाग, नागपूर