मध्यम लहरींची खरखर आणि संचातील एरियल

महोदय,

मध्यम लहरींवरची (मीडियम वेव्हवरची) आकाशवाणी आता नीट ऐकूच येत नाही, नुसती खरखर येते, तेव्हा ते प्रक्षेपण चालू ठेवावे कशाला, असे हल्ली वारंवार कानावर पडते. खरखर येते हे खरे आहे. पण प्रक्षेपणाला नावे ठेवण्याआधी आपल्या संचातील एरियल कोठे असते आणि ती काय करते, हे पाहायला हवे.

पुणे केंद्राची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) ७९२ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे त्याची एकेक लहर सुमारे ३७९ मीटर लांब. तिच्या पाव लांबीची तार एरियल म्हणून ताणायची म्हटली तरी ९५ मीटर जागा लागेल. व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी पूर्वी माळ्यावर जाळीची एरियल बांधत आणि ‘अर्थ’ची तार जमिनीत पुरत. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र एरियल संचाच्या पोटातच असते : फेराइटची, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची, बोटभर जाडीची काळी कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. लहरीतील चुंबकीय क्षेत्र या कांडीत एकवटते, सेकंदाला ७ लाख ९२ हजार आवर्तने करते आणि त्यामुळे वेढ्यांत अतिशय क्षीण वीजदाब निर्माण होतो. हे क्षेत्र केंद्राच्या दिशेशी काटकोनात असते. म्हणून कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली की आवाज खणखणीत येतो आणि तिचे टोक केंद्राकडे असले की जवळजवळ बंद पडतो. संच नुसता पाव फेरा फिरवला तरी एवढा फरक पडतो.

अनेक जण मात्र बाहेरची चकचकीत दांडी ओढत बसतात. बहुतेक संचांत ती मध्यम लहरींच्या कामाची नसते. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, तिच्यासाठी पाऊण मीटरची दांडी पुरते.

खरखर बहुधा घरातलीच असते. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांतील विद्युत मंडल (सर्किट) वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि तो गोंगाट थेट मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो. आमच्या सोसायटीत जिन्यातील दिवे बदलले, त्याच संध्याकाळी माझ्या बातम्या बुडाल्या. संच सेलवर चालवून खिडकीशी नेला, कांडीचे टोक जिन्याकडे केले आणि निवेदकाचा आवाज पुन्हा स्पष्ट झाला.

एफएमच्या लहरी डोंगराआड क्षीण होतात, मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात; सह्याद्रीच्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांना याचे मोल अधिक आहे. म्हणून माझी विनंती अशी, की आकाशवाणीने संच कसा ठेवावा हे स्वतःच्या कार्यक्रमांतून मराठीत समजावून सांगावे, आणि रेडिओत असा गोंगाट माजवणाऱ्या दिव्यांच्या विक्रीवर शासनाने कडक तपासणी ठेवावी.

आपला,
एक नियमित श्रोता, पुणे